हळदीचं बोलावणं

३ फेब्रुवारी १९३८
मनकर्णेच्या छातीतली गाठ आता फुटली आहे. शेजारच्या चतुराबाई दारातूनच विचारत होत्या — आणि मला! "तिला जेवन जातं का? झोप लागती का?" मनकर्णा माझ्या बाजूलाच बसलेली. म्हणाली, "बाई, गाठ छातीत हाय, कान शाबूत हायत. मलाच इचारा की!" चतुराबाई गेल्यावर आम्ही दोघं खूप हसलो. मग तिला कळ आली.

८ फेब्रुवारी
तातेरावदादाच्या मंजुळाचं लग्न ठरलं. आम्हाला मूल नाही, मंजुळा हिच्याच मांडीवर वाढली. "हळद दळायला पहिला हात माझा," म्हणते. गावात बोलतात — असल्या दुखण्याच्या बाईनं जात्याला हात लावला तर नवरीला बाधतं. जणू हिनं पापच केलं! संताप येतो.

१२ फेब्रुवारी
पंचफुलावहिनी बोलवायला आल्या. "हळदीला मनकर्णाच पाहिजे. कोन काय बोलतंय ते मी पाहून घेते." ही आत झोपली होती. मी म्हटलं, तिला नाही झेपायचं.
"तिला तर इचारा, भाऊजी."
नाही विचारलं. तिथं कोणी तिला टाकून बोललं तर?
संध्याकाळी हीच म्हणाली, "बोलावणं आलं का हो?" मी बैलांना पाणी दाखवायला उठलो.

१५ फेब्रुवारी
लेप आणायला पुसेगावला गेलो, दिवस मोडला. आलो तर हिचे हात पिवळे. "गाठीला हळद लावली," म्हणाली. फार थकलेली, पण आज भाकरी अख्खी खाल्ली.

१९ फेब्रुवारी
मंजुळा सासरी गेली. जाताना हिच्या गळ्यात पडली. दोघी काहीतरी कुजबुजल्या.

९ मार्च
मनकर्णा गेली.

२२ मार्च
काल तेरावा झाला. जो येतो तो म्हणतो, "सुटली बिचारी." बिचारी! ती कुणाला बिचारी वाटायची नाही, आजारी पडेपर्यंत. आणि मी तरी काय केलं? दादाचं घर वीस पावलांवर. तिला एकदा विचारलं नाही. आपल्याला बोलावलंच नाही, असं समजून गेली ती.

२४ मार्च
वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या डोळे पुसत हसल्या.
"अवो भाऊजी, तुमी पुसेगावला गेलते तवा आली की ती! जात्यात पयली मूठ तिनंच टाकली. जाताना म्हनली — ह्यांना सांगू नका, लई भितेत."