ओल्या कचऱ्याचं गणित

कामशेत
मंगळवार, दुकानातून

प्रिय अल्फिया,

हे पत्र कौसर तुझ्या हातात देईल. तिच्यावर चिडू नकोस, आत काय आहे ते तिला माहीत नाही. मी एवढंच म्हणालो, कॉलेजच्या गेटवर थांब आणि अल्फिया दिसली की दे. तर लगेच, "का रे भाई, फोन पाण्यात पडला काय तुझा?" बहिणी अशाच. फोन धडधाकट आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलायस हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून हा कागद. एवढं लांबलचक मी शेवटचं तिसऱ्या वर्षाच्या पेपरात लिहिलं होतं, आणि त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

तुझा शेवटचा मेसेज मला पाठ झालाय. "तू कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाहीस, अरहम. कॉलेज नाही आणि हेही नाही." वाचला तेव्हा मी स्टेशनसमोर उभा होतो. डोकं असं सटकलं की शेजारच्या टेम्पोला लाथ घातली. मग लक्षात आलं, टेम्पो आता आपल्याकडे नाही, ती कुणाची तरी दुधाची गाडी आहे. त्या माणसाची माफी मागून घरी आलो.

आता कुठं बसलोय ऐक. ज्या दुकानात बसायचं नाही म्हणून आधी कॉलेजला गेलो आणि मग कचऱ्याच्या टेम्पोवर, त्याच दुकानात बसलोय. अब्बांच्या चिकनच्या दुकानात. पुढं पिंजरे, मागं सुरे, मधे मी. कोंबड्या माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. त्यांची संध्याकाळपर्यंत सुटका होते तरी, माझी तेवढीही नाही. पहिल्याच दिवशी अब्बा म्हणाले, "कॉलेज सोडलंस, टेम्पो सोडलास. हा सुरा तेवढा सोडू नकोस बाबा, पायावर पडेल." गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. न हसून जाणार कुठं?

कधीकधी वाटतं, त्या दिवशी तोंडी परीक्षेत सरांनी "घरचा धंदा आहे ना, मग इथं जागा कशाला अडवतोस?" असं म्हटलं तेव्हा गप्प बसलो असतो तर आज तुझ्या शेजारच्या बाकावर असतो. पण माझं डोकं तापलं की मला पुढचं दिसत नाही आणि मागचंही नाही. जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि चालू पडलो. तू बसस्टॉपपर्यंत मागं पळत आलीस, "माफी माग आणि विषय संपव, मूर्खा" म्हणत. तू एका पायात चप्पल अर्धवट अडकवून धावत होतीस हे मला अजून दिसतं, आणि तरी मी बसमध्ये चढलो.

तुला सगळ्या विषयांत तो एकच आवडायचा, ऑपरेशन्स रिसर्च. आम्ही नुसते मार्कांसाठी घोकायचो आणि तू कॅन्टीनच्या टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून रेघा काढायचीस. ही डिझेलची अट, ही वेळेची, ही गाडीत किती मावतं त्याची. सगळ्या रेघांनी घेरलेला एक तुकडा उरतो आणि सगळ्यांत चांगलं उत्तर त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात बसलेलं असतं, असं तू म्हणायचीस. मला बाकी काही कळलं नाही, पण कोपऱ्यात बसलेल्याचं दुःख कळलं.

म्हणून ऑगस्टमध्ये तू फोन करून "प्रोजेक्टसाठी पवना धरणाकाठचा कचरा मोजायचाय, गाडीवर घेशील का?" असं विचारलंस तेव्हा माझा विश्वास बसेना. मी त्या कचऱ्याला रोज शिव्या घालत होतो. तळ्याकाठचे कॅम्प आणि बंगले, त्यांच्यासाठी पाच टेम्पो. ज्याची ज्याच्याशी ओळख, तो त्याला बोलावणार. एकाच कॅम्पवर तीन गाड्या आणि पलीकडच्या वळणावर एकही नाही. निम्म्या गाड्या रिकाम्या पळायच्या, डिझेल जाळायच्या, आणि जो कचरा राहील तो खड्ड्यात नाहीतर पाण्याकाठी पेटवलेला. श्रीपती आबा पवनानगरला मासे धरतात, ते म्हणायचे, "जाळं वडलं का मासा येक आन् पिशव्या धा. आता पिशवीचंच कालवण करावं म्हन्तो." तू ते ऐकून हसली नाहीस. म्हणालीस, याला जास्तीच्या गाड्या नकोत, बरोबर क्रम हवा. कुणी आधी, कुणी नंतर, कुठली गाडी कुठं. आणि ओला कचरा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नेण्यापेक्षा आबांच्या पडीक जागेत कचरा कुजवून गॅस करणारी टाकी बसवायची, गॅस शाळेच्या खिचडीला द्यायचा.

ते रविवार मला अजून पुरतात. तू लोकलनं कामशेतला उतरायचीस, पिवळ्या रेनकोटात, हातात तो टांगायचा काटा. मी सीट आधीच दोनदा पुसलेली. प्रत्येक ठिकाणी पिशवी उघडायची, ओलं वेगळं करायचं, काट्याला लावायचं. भजी, मक्याची कणसं, मॅगी, पुलाव. एका बंगल्यात तर पातेलंभर साबुदाण्याची खिचडी टाकलेली होती. मी म्हणालो, काय माणसं आहेत, सहलीला येऊन उपास करतात! तू इतकी हसलीस की काटा हातात डुगडुगायला लागला आणि वजन पुन्हा घ्यावं लागलं. पावसात तंबू कमी असतात हेही तुझ्या लक्षात होतं. म्हणून तू माणसामागं वजन काढलंस आणि त्याला हिवाळ्याच्या गर्दीनं गुणलंस. मला वाटलं, हिच्या हातून काही सुटणं शक्य नाही.

दिवाळीनंतर तुझ्या आराखड्यानं काम सुरू झालं. पाचाच्या दोन गाड्या. बाजीराव शेठ, कॅम्पवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, पहिल्या आठवड्यात मिशीला ताव देत सांगत फिरत होते, "डिझेल निम्म्यावर आणलं पोरीनं." शाळेत गॅसवर खिचडी शिजली त्या दिवशी मी तुला फोटो पाठवला होता. तू नुसता एक बदाम पाठवलास. बदामाचा अर्थ लावण्यात माझे दोन दिवस गेले.

मग थंडीची गर्दी वाढली आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारपासून बिघडायला लागलं. ते तुला फोनवर सांगितलं नाही, म्हटलं सावरून घेऊ. गाडी शेवटच्या कॅम्पला पोचायच्या आत भरून वाहायची. मी परत यायचो, रिकामी करायचो, पुन्हा जायचो. तुझ्या कागदावर एक फेरी होती तिथं मी दोन मारत होतो, कधी तीन. टाकीत माल मावेना, कोंबून घातला. टाकी आंबली. फेस वर आला, गॅस बंद, आणि वास असा की शाळेच्या मास्तरांनी खिडक्या लावून घेतल्या. उरलेल्या पिशव्या पुन्हा पाण्याकाठी जमल्या.

बाजीराव शेठनी बैठक लावली. सगळ्यांसमोर म्हणाले, "कालेजच्या पोरीचं गणित हाय ते. कागदावर ब्येस, जिमिनीवर शून्य. बंद करा त्ये, आन् आपलं पयलं होतं तेच बरं." आणि कुणीतरी मागून फिदीफिदी हसलं. बस्स, माझं डोकं गेलं. उठलो आणि ओरडलो, "गणित बरोबर आहे! मी फेऱ्याच मारल्या नाहीत. झोपून राहिलो. माझी चूक आहे." अल्फिया, मला तेव्हा खरंच वाटत होतं की गणित बरोबर आहे. घोळ कुठंतरी आमच्या हातून होतोय, सापडेल, पण तोवर योजना तरी बंद पडायला नको. तू कित्येक महिने झिजवले होतेस तिच्यावर. तुझं पुढचं शिक्षण, सरांची शिफारस, सगळं त्यावर होतं.

शेठना बकरा पाहिजेच होता. माझ्याकडून किल्ली घेतली, योजना चालू राहिली. बाहेर श्रीपती आबांनी माझा दंड धरला. "आरं येड्या, तू तर दिवस मावळूस्तवर गाडी हाकीत व्हतास. माझ्या म्होरं तीनतीनदा टाकी भरलीस. आन् म्हन्तोस झोपलो? कुनासाठी रं?" मी म्हटलं, आबा, कुणाला बोलाल तर माझी आण आहे. ते थुंकले आणि म्हणाले, "समजलं. पिवळ्या रेनकोटासाठी." हे त्यांना कळलं आणि तुला कळलं नाही. तुला शेठनी फोन करून "ड्रायवर आळशी निघाला" म्हणून सांगितलं आणि तू विश्वास ठेवलास. ठेवणारच. माझा मागचा इतिहासच तसा आहे.

मी ते गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. पण गेल्या शनिवारी दुकानात बसलो होतो. सकाळपासून फोन थांबेना. या कॅम्पला तंदूरचे तुकडे, त्या कॅम्पला बिर्याणीचं, तिसऱ्याला लॉलीपॉप. दुकानातली पोरं कापत होती, मी पिशव्या बांधत होतो, हात मसाल्यानं पिवळे. वैतागून अब्बांना विचारलं, "दर शनिवारी असंच असतं?" ते म्हणाले, "आता आषाढापर्यंत असंच. मग श्रावणात काय, मी आणि माश्या."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. मोबाइलवर ऑगस्ट काढून बघितला. आपण मोजले ते सगळेच्या सगळे रविवार श्रावणातले, अल्फिया. लोकांनी मटण-चिकन सोडलेला महिना. म्हणून भजी, म्हणून कणसं, म्हणून ती खिचडी. आता त्याच माणसामागं हाडं आहेत, तेल आहे, मसाल्याचं पाणी आहे, अर्धी टाकलेली बिर्याणी आहे. वजन दुपटीच्या पुढं जातं आणि त्या तेला-हाडांनीच टाकी आंबते. तू माणसं बरोबर धरलीस, त्यांच्या ताटातलं चुकलं. तुझा दोष नाही. तुझ्या घरी त्या महिन्यात चिकन स्वस्त झालं म्हणून उलट जास्तच शिजतं, हे तूच सांगितलं होतंस. पण मी? मकसूद चिकनवाल्याचा पोरगा! ज्याच्या घरात लहानपणापासून शटर अर्धं खाली आलं की श्रावण लागला असं कळायचं, शाळेचे बूट ज्याला गणपती उठल्यावरच मिळायचे, त्याला श्रावण आठवला नाही! त्या रविवारांत मी कॅलेंडर बघतच नव्हतो.

आणि आता हे पत्र का, ते सांगतो. काल बाजीराव शेठ स्वतः दुकानात आले होते, घरच्या जेवणासाठी गावठी कोंबडा न्यायला. अब्बांसमोर मला म्हणाले, "पोरीचं गणित चोख, तूच नालायक निघालास." त्यात त्यांनी सांगितलं की लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांनीही तुझा आराखडा घेतलाय, तोच, जसाच्या तसा, आणि त्याच मापाच्या टाक्यांची ऑर्डर या महिनाअखेर जाणार. आता मी काहीही बोललो तर लोक म्हणतील, आपली कातडी वाचवतोय. त्या बैठकीत माझ्याच हातानं मी स्वतःला कोंडून घेतलंय आणि कडी बाहेरून लागलीय. पण त्या टाक्याही आंबल्या, पिशव्या दरीत गेल्या, तर या मावळात पुन्हा कुणी गणिताचं नाव काढू देणार नाही, आणि आबांच्या जाळ्यात पिशव्या येत राहतील. तुझं ऐकतील. ऑर्डर थांबव. माझी बाजू मांडू नकोस, मला गाडीवर परत घ्या असं कुणाला सांगू नकोस, फक्त आकडे बदल. त्यासाठी या रविवारी ये आणि पुन्हा मोज, हाडं वेगळी काढून. गाडी आता कैलास चालवतो. त्याच्याही तीन फेऱ्या होतात आणि उरलेला माल खड्ड्यात जातो, पण तो शेठना काही सांगत नाही. त्याच्या शेजारी बस. त्याच्या तोंडात कायम तंबाखू असतो, अख्ख्या वाटेत एक शब्द बोलत नाही, वजनं बरोबर येतील. मी स्टेशनवर येणार नाही. गाडी आमच्या दुकानावरून जाईल, तेव्हा तेवढं एक कर, आत बघू नकोस. तू बघितलंस की मला महिना कुठला चाललाय तेच कळत नाही.

लिहायचा हक्क नाही, तरी लिहितो,
तुझाच
अरहम