कडूबाईची सोबत

झरी, १९ जानेवारी २०२५

चि. सौ. राजेश्रीस,

आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोलते तेव्हा तुझी शेजारची कडूबाई काकू माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली असते, म्हणून.

संक्रांतीला तुम्ही सगळे आलात, घर भरलं, बरं वाटलं. तुम्ही गेल्यावरही बरंच वाटलं असतं. भाकरी खावी, चुलीपुढं बसावं, वाचनालयातलं पुस्तक उघडावं. थंडीत मला दुसरं काही लागत नाही. तुझे बाबा गेल्यापासूनचे तीन हिवाळे मी असेच काढले. एखादं वाक्य आवडलं की त्यांना ऐकवल्यासारखं मोठ्यानं वाचते. ते कुणापुढं करता येत नाही.

जाताना तू कडूबाईला काय सांगून गेलीस? दिवेलागणीलाच वाकळ घेऊन हजर. पान उलटलं की विचारते, आता काय झालं. सांगितलं तर म्हणते, असं कुठं असतंय व्हय. चार दिवसांत सात पानं झाली. तू पाठवलीस, तूच परत बोलव.

तुझी आई

पुणे, २४ जानेवारी

ती. आईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. काकूंना मीच गळ घातली. मागच्या थंडीत तुला चक्कर आली, ते तू आम्हाला होळीला सांगितलंस. काकू नको असतील तर नऊ तारखेला भुजंगदादा गाडी घेऊन येईल आणि तुला इकडं आणील. दोन्हींपैकी एक निवड. तिसरं मी ऐकणार नाही. स्वेटर घाल, पेटीत ठेवू नकोस.

तुझी राजेश्री

झरी, १ फेब्रुवारी

चि. सौ. राजेश्रीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या भावाला म्हणावं, गाडी तिकडंच राहू दे. तिसरं निघालं आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा कडूबाईला सरळ सांगितलं, संध्याकाळी मला कोणी नको. ती भडकली. म्हणाली, मला काय लय हौस हाय का नातवंडं सोडून तुझ्या घरी यायची? तुझ्या लेकीनं हात जोडले म्हणून यायलेय. शेवटी तिनंच तोड काढली. सकाळी माझ्या अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीचा धूर दिसला, की मी ठीक आहे असं ती समजेल.

तीन संध्याकाळी सुखात गेल्या. काल सकाळी जाग आली तेव्हा पुस्तकाची वीसच पानं उरली होती, म्हणून अंथरुणातच वाचत पडले. ऊन ओट्यावर आलं तरी चुलीचं भान नाही. तेवढ्यात दारावर धडाधड. उघडलं तर कडूबाई, मागं अर्धी गल्ली, आणि तिचा नागनाथ दार फोडायला पहार घेऊन. वाचत होते, म्हणाले. गल्ली हसत पांगली. कडूबाई मात्र उंबऱ्यावर बसून रडायला लागली, आणि रडता रडता मला शिव्या. तुझ्या बाबांच्या वेळी ती साऱ्यांना सावरत होती, तिला रडताना मी पाहिलंच नव्हतं. लाज वाटली गं.

आज उठल्याबरोबर, तोंडसुद्धा न धुता, आधी धूर केला. तिनं तिच्या अंगणातून नुसती मान हलवली आणि आत गेली. मग दिवस माझा.

माया अशीच असू दे तुम्हा सगळ्यांची, पण जरा लांबून.

तुझी आई