आरशावर न बसलेले पक्षी

नॉर्विच, ४ ऑक्टोबर १७६४

प्रिय जेबेझदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे उंबराचं फूल झालंय. आम्ही इकडे खुशाल. ह्यांचा लोकरीचा व्यापार बरा चाललाय, पाय तेवढे दुखतात त्यांचे.

बाबांची दृष्टी पार गेल्याचं तुमच्या शेजारच्या हेस्टरकाकूंनी कळवलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. दादा, त्यांना कारखान्यातून उठवू नकोस हं. आरशांच्या चौकटींवर ते लांब चोचीचे पक्षी कोरण्यात त्यांचा जन्म गेला. पटाशी काढून घेतलीस तर माणूस झुरून मरेल. काहीतरी काम दे. माझं घर लंडनात असतं तर तुला सांगतच बसले नसते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी डॉर्कस


लंडन, १५ ऑक्टोबर

चि. डॉर्कस हिस अनेक आशीर्वाद.

आंधळ्या म्हाताऱ्याला सांभाळायचं मी, आणि शहाणपण येणार नॉर्विचहून! वा गं बाई!

तुझ्या बाबांना काम दिलंय. सरसाच्या शेगडीजवळ उबेला बसवतो, टाकाऊ लाकूड देतो. ते पक्षी कोरतात. एक पंख आभाळात, दुसरा पाताळात, चोच कुठल्या कुठे. मी म्हणतो, फक्कड झालाय. ते उठून गेले की आमचा कारागीर लूकस तो पक्षी शेगडीत घालतो. लाकूड मऊ आणि कोरडं, सरस छान वितळतो.

गंमत पुढेच आहे. जेवताना ते विचारतात की माझा पक्षी सरदारसाहेबांच्या आरशावर चढला का. सगळे कारागीर तोंडात पाव कोंबून हसू दाबतात. लूकस तर एकदा म्हणाला की काका, तुमच्या पक्ष्याला सोन्याचा वर्ख दुहेरी लावलाय, सरदारीणबाई आरशात स्वतःला न बघता त्यालाच बघत बसतात. म्हातारा हरखून दोन घास जास्त जेवला. म्हणजे पुण्यच की नाही?

तुझ्या ह्यांना नमस्कार.

जेबेझ


नॉर्विच, २४ ऑक्टोबर

दादास सा. न. वि. वि.

जनाची नाही तर मनाची तरी ठेव रे! ज्या हातांनी तुला पटाशी धरायला शिकवलं, त्या हातांचं काम जाळतोस? आणि त्या लूकसच्या जिभेला काही हाड? पत्र वाचून मी जेवलेसुद्धा नाही.

माझं ऐक. एखादा चांगला उतरलेला पक्षी त्यांच्या हातात दे आणि तुमचाच म्हणून सांग. बोटांना तेवढंच सुख. इथे असते तर मी त्यांना फुलासारखं जपलं असतं, देवाशपथ.

रागावू नकोस, पण माझं बोलणं मनावर घे.

डॉर्कस


लंडन, ५ नोव्हेंबर

चि. डॉर्कस हिस आशीर्वाद.

तुझी युक्ती म्हणजे लाखात एक! शनिवारी काम लवकर थांबवलं, बिअर आणवली, सगळ्यांना गोळा केलं. लूकसने कोरलेला, अजून वर्ख न लावलेला एक पक्षी बाबांच्या हातात दिला आणि सांगितलं की हा तुमचा, सोमवारी याच्यावर वर्खाआधीचे खडू-सरसाचे थर चढणार.

बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले की इतका देखणा पक्षी माझ्या हातून कधी उतरला नव्हता. झालं! लूकसने गुडघे टेकून त्यांच्या हाताचा मुका घेतला. लोक हसून हसून लोळले. मी बाबांना सांगितलं की आनंदाने हसताहेत. तेही हसले. आता दर शनिवारी हा खेळ लावावा अशी मागणी आहे.

जेबेझ


लंडन, ११ नोव्हेंबर

चि. डॉर्कस हिस अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, हेस्टरबाई लिहिताहेत.

पोरी, तो पक्षी माझा नव्हता. मी डावखुरा, माझा घाव डावीकडून पडतो. त्या पिसांवर सगळे घाव उजवीकडचे. कोरणारं पोरगं कोण आहे कळलं नाही, पण हात चांगला आहे त्याचा. मी छान म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर ते आणखी हसले असते.

सगळे गेल्यावर शेगडीच्या राखेत हात घातला. माझ्या पक्ष्याची चोच सापडली, अर्धी जळलेली.

जेबेझला बोलू नकोस. त्याला मोठा कारभार आहे. मला फक्त तुझ्याकडे ने. काम नको, खोली नको. विस्तवाजवळ एक खुर्ची पुरे. शनिवारच्या आत कुणाला तरी पाठव, एवढीच तुझ्या म्हाताऱ्याची विनवणी.

एब्नर पेल


नॉर्विच, २० नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी ढसाढसा रडले. तुम्हाला आणायला अनवाणी धावत आले असते. पण दिवाणखान्याच्या भिंतींना नुकताच रेशमी कागद लावलाय, ह्यांची मोठमोठी गिऱ्हाइकं येतात, चाचपडताना तुम्हालाच काहीतरी लागायचं. विस्तवाजवळच्या खुर्चीत ह्यांचा कुत्रा झोपतो. त्याला उठवलं की हे दिवसभर बोलत नाहीत.

आणि तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. दादाने मला सगळं सविस्तर लिहिलंय. इतका सुंदर पक्षी कारखान्याने कधी पाहिला नव्हता म्हणे, सगळे आनंदाने हसत होते. म्हातारपणी बोटं फसवतात, बाबा. दर शनिवारी तुमचा असाच मान होणार आहे, तो सोडून इकडे कशाला यायचं?

थंडी फार आहे, जपा. माझ्यावरची माया कमी करू नका.

हेस्टरकाकू, एवढी ओळ दोनदा वाचून दाखवा: बाबा, तो पक्षी तुमचाच होता.

तुमची लाडकी,
डॉर्कस