ठोक्याचं शेपूट

बाबा, मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करतो हे तुम्हाला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही, आणि तुम्ही गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत ते आणखीच विचित्र झालं आहे. मी ठोके बनवतो. ढोल नाही, ढोलाचं चामडंही नाही. कॉम्प्युटरवर एक ठोका, पापणी लवायच्या आत येऊन जाणारा. सायकेडेलिक ट्रान्स नावाचं एक संगीत आहे. गोव्यात, परदेशात लोक उघड्या मैदानात त्यावर तासन्‌तास नाचतात. त्यात हा ठोका न थकता, एकसारखा पडत राहतो. त्याला ‘किक’ म्हणतात. सुरुवातीला एक टिचकी, नखानं पत्र्यावर मारावी तशी. तिथून आवाज विहिरीत पोहरा सुटावा तसा सरसरत खाली येतो, तळाशी पोटात एक धक्का देतो आणि लगेच गप्प होतो. सगळी करामत त्या गप्प होण्यात आहे. दोन ठोक्यांच्या मधे बेसचे, म्हणजे खर्जातले, तीन सूर धावतात, आणि ठोक्याचं शेपूट जरा लांबलं की ते तिन्ही पावसाळ्यातल्या काळ्या रानात गाडी फसावी तसे फसतात. अमरावतीत याला गिऱ्हाईक नाही. आपल्याकडच्या वरातीत हा ठोका वाजवला तर नवरदेवच घोड्यावरून उतरून विचारेल, मशीन बिघडली का म्हणून. पण बाहेरची पोरं माझे ठोके विकत घेतात, आणि बसस्टँडजवळच्या टपरीत टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या तुमच्या मुलाचं त्यावर घर झालं, मुलीचं शिक्षण झालं. लोक म्हणतात, या माणसाचे कान म्हणजे कान आहेत. मीही ते कधी नाकारलं नाही. धंद्यात आपली स्तुती आपण कशाला खोडायची?

तुमचे कान अकोल्याच्या जिनिंगनं, कापसातून सरकी काढायच्या त्या कारखान्यानं, खाल्ले. फिटर म्हणून त्या मशीनींच्या ओळीत तुमची उमर गेली. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे, हातवाऱ्यांवर काम चाले, आणि तुम्ही तीच भाषा घरी घेऊन आलात. केसांत कापसाचे तंतू, भुवया पांढऱ्या, पाणी पाहिजे असलं की अंगठा ओठाकडे. आई स्वयंपाकघरातून तुम्हाला हाक मारायची नाही. ती शहाबादी फरशीवर मुसळ आपटायची, आणि बाहेरच्या खोलीत अनवाणी बसलेले तुम्ही उठून आत यायचे. एकदा आपटलं तर जेवण, भरभर आपटलं तर भांडण. शेजारची काकू म्हणायची, “तुमच्या घरी बोलत काहून नाही बाप्पा कोणी? नुसतं कांडण चालू राहाते!” आई सांगायची, “आमचं बोलणं जमिनीतून चालते.” मला लहानपणी त्यात काही वेगळं वाटत नसे. आवाज पायातूनही येतो, हे मला कानातून येतो हे कळण्याच्या आधीच माहीत होतं.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही रिटायर होऊन अमरावतीला माझ्याकडे आलेले. मागच्या खोलीत मी भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या ठोकून ठेवल्या आहेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पुण्याच्या एका पोरासाठी किक करतो आहे आणि काही केल्या ती जमत नाही. कानाला सगळं ठीक, तरी गाणं उठत नाही, लंगडतं. तुम्ही दारात उभे राहता, गाद्यांकडे बघता, आणि जिनिंगमधल्या आवाजात ओरडता, “झोपाले जागा नाही आन् भिंतीले गाद्या?” मग खाली बसता. तळवे फरशीवर टेकवता. थोड्या वेळानं माझ्या टेबलावरचा लांब पेचकस उचलता, त्याचं टोक स्पीकरच्या खोक्यावर ठेवता आणि मूठ कानामागच्या हाडाला लावता. जिनिंगमध्ये बेअरिंग तपासायचे तसंच. मी हसू दाबतो. तुम्ही डोळे मिटता.

“हे मशीन कोणाचं होय?”

“मशीन नाही बाबा, गाणं आहे!” मी तुमच्या तोंडासमोर जाऊन ओरडतो.

“असन गाणं. पण हा ठोका जाऊन नाही राहिला.”

“म्हणजे?”

“आला, बसला. पाहुण्यावानी. मागून दुसरे येऊन उभे आहेत तं ह्याचं बूड उठतच नाही. लेका, त्याले उठव.”

“पण त्याची ताकद कमी होईल न!”

“ताकद येण्यात राह्यते रे. बसून राहाण्यात कायची ताकद?” आणि वर हा टोमणा, “तुह्या मामावानी.”

मी ठोक्याचं शेपूट कापतो. थोडं, आणखी थोडं. तुम्ही पेचकस लावून बसलेले, दुसऱ्या हाताची बोटं हवेत, अजून, अजून. मग एकदम मूठ बंद. आणि गाणं धावायला लागलं, बाबा. ते तीन सूर मोकळे सुटले. तुमचं डोकं हलायला लागलं. कितीतरी वर्षांनी मी तुम्हाला कशावर तरी ताल धरताना पाहत होतो. आई दारात येऊन म्हणाली, “हे दोघंही गेले कामातून,” आणि ते तुम्हाला ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड पाहून तुम्ही म्हणालात, “चहा ठेव.” तेव्हापासून मी जो ठोका केला तो याच कसोटीवर केला: आला, बोलला, उठला. पोरं मला विचारतात, तुमच्या किकचं गुपित काय. मी त्यांना काहीतरी फ्रिक्वेन्सीचं सांगतो. जिनिंगच्या फिटरची गोष्ट सांगितली तर ते मला आणखी भाव देतील, हे मला समजतं. म्हणूनच सांगत नाही.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. गेल्या पावसाळ्यापासून माझे ठोके परत यायला लागले. ‘खाली मस्त आहे, पण वरची टिचकी टोचते, फार तीक्ष्ण झाली आहे.’ आधी एक, मग दुसरा, मग एक जुना, भरवशाचा माणूस. मी ऐकून पाहिलं तर मला टिचकी उलट कमीच वाटत होती, म्हणून मी ती वाढवत होतो. तुमच्यासारखा फिटर असता तर इथेच समजला असता की बिघाड मालात नाही. मला समजायला दिवाळी आली. कान तपासायला अकोल्याला गेलो, कारण अमरावतीत तपासले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. डावीकडून रेघ बरी चालत येते आणि पुढे चिखलदऱ्याच्या कड्यावरून पाय घसरावा तशी खाली जाते. त्या म्हणाल्या, “काका, वरचे आवाज गेले आहेत. ते परत येत नाहीत. कानाचं मशीन लावा, बोलणं समजायला सोपं जाईल.” मशीन घेतलं. त्यात माणसांचं बोलणं बरं येतं, पण माझा ठोका डबड्यात खडा टाकल्यासारखा वाजतो. ते खिशात ठेवून मी परत आलो आणि कोणालाही काही सांगितलं नाही. ज्याचे कान विकले जातात त्यानं कान गेले हे कोणत्या तोंडानं सांगावं? पण सांगितल्याशिवाय पुढचा ठोका बाहेर जाणार नव्हता, आणि चुकीचा गेला असता तर नावही गेलं असतं.

रविवारी जेवताना मुलीला सांगायचं ठरवलं. ती परतवाड्याला शाळेत शिकवते, रोज बसनं जाते-येते, आणि पहिल्यापासून माझ्या खोलीत ये-जा असल्यामुळे तिला या कामाची जाण आहे. घास हातात घेऊन मी सुरुवात करणार, तेवढ्यात ती बसमधलं काहीतरी बोलली. तिची आई हसली. मीही हसलो, मान हलवली, भाकरीचा तुकडा मोडला. आणि बाबा, तो तुकडा तसाच हातात राहिला. तुम्हीही असेच हसायचे. आम्हाला वाटायचं, बाबांना गंमत आवडली. त्या दिवशी माझ्याच्यानं काही सांगणं झालं नाही.

सकाळी चहाला तिला विचारलं, “काल जेवताना काय म्हणाली होती तू?”

“केव्हा?”

“ते बसमधलं. मी हसलो, पण मले ऐकू नव्हतं आलं.”

तिनं कप खाली ठेवला. मग तोंड माझ्याकडे करून, सावकाश सांगितलं: एक माणूस झोपेत तिच्या खांद्यावर कलंडत होता, तर कंडक्टर त्याला म्हणाला, भाऊ, ताईच्या खांद्याचं तिकीट वेगळं लागते.

मी चहा पीत राहिलो.

“हसले नाही, पप्पा?”

“काल हसून झालं न.”

ती खळखळून हसली. हसता हसता थांबली. मी खिशातून मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि आलेखाची घडी उलगडली. तिनं तो पाहिला, आईला हाक मारली नाही, रडली नाही. म्हणाली, “मंग चला, कोणता ठोका परत आला दाखवा.” त्या सकाळी तिनं शाळेला सुटी टाकली. दोघं मागच्या खोलीत बसलो. खालचं पोट आणि शेपूट मी बसवलं, ते माझ्या हाताला अजून दाद देतं. वरच्या टिचकीची कळ मी फिरवत गेलो आणि ती सांगत गेली, “टोचते. टोचते. अजून थोडं. आता बरी आहे. हात काढा, पप्पा, हात काढा.”

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे तुम्हालाही समजतं. तो ठोका गेला. जुन्या गिऱ्हाइकानं लिहिलं आहे, ‘तुमच्याकडून आलेला हा आतापर्यंतचा सगळ्यात सुरेख ठोका.’ मी आभार मानले, नेहमीच्या ऐटीत. आता तो कुठल्या कुठल्या मैदानात वाजत असेल, आणि बाबा, तो पुरता कसा वाजतो हे मला माहीत नाही.