ताईचं धावतं वर्णन

३ फेब्रुवारी, मंगळवार

मामा, मावशी, मावशीच्या सुना — सगळे पुष्पगुच्छ घेऊन दारात! "अभिनंदन!" कसलं, मला कळेना. मग कळलं. धाकट्या भावाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं — 'ताईने पहिला डाव जिंकला!'

जिंकला कसला? औषधांची पहिली फेरी संपली, एवढंच. गाठ होती तिथेच आहे. पण सगळ्यांचे चेहरे असे फुललेले, की सांगवेना. चहा टाकला. मावशी म्हणाली, "वाघीण आहेस गं तू!" वाघिणीने नंतर कपबशा विसळल्या.

धाकटा रेडिओवर सामन्यांचं धावतं वर्णन करतो. भाऊ म्हणून सोन्यासारखा, पण तोंडाला विराम नाही. आता मैदान मी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी दुसरी फेरी सुचवली. औषध वेगळं. याने बोटं बधिर होतात, पुष्कळांची पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. "आणि मिळतं काय?" विचारलं. "काही महिने. कदाचित." मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मग फाइलवर लिहून घेतलं. भली बाई.

धाकटा जिन्यातच कडाडला — "बोटं गेली तर गेली, तू तर राहशील!"

आयुष्यभर नाटक कंपनीच्या कपडेपटात सुई धरली. बोटांशिवाय जी राहील ती कोण, मला माहीत नाही. तिच्यासाठी उलट्या मी का काढायच्या?

६ फेब्रुवारी

कामावर गेले. राजाचा झगा नव्याने शिवायला उसवला. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या कपडेपटात जास्तीचं कापड कधी कापत नाहीत. आज राजा हडकुळा, उद्या ढेरपोट्या — म्हणून शिलाईच्या आत माया ठेवायची, दुमडून. माझे कपडे सगळे ढगळ झालेत. आज जेवणाच्या सुट्टीत तेही आत घेतले. माया कापली नाही.

कपडेपटाचे मास्तर कात्री बाजूला ठेवून बघत होते. "परत सैल करायचेत वाटतं?"

"सवय," म्हटलं. उगाच डोळ्यांत पाणी आलं. मास्तर लगेच कात्री शोधायला लागले, कात्री समोरच होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एका साप्ताहिकाने धाकट्याकडे लेख मागितला — 'माझ्या ताईची झुंज'. छापायच्या आधी मला दाखवायला आणला, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

टेबलावर कापड मांडावं तसे कागद मांडले आणि खडूने खुणा केल्या. 'झुंज' — काढ. 'शत्रू' — काढ. 'ताई मैदान सोडणार नाही' — सोडलंय की! माझ्या केसांचा परिच्छेद — केस माझे, काढ. उरलं एवढंच: 'माझी ताई कपडे शिवते. ती आजारी आहे.'

"एवढ्याचा लेख कसा होणार?"

"नाहीच होणार."

"अगं, लोकांना धीर येईल!"

येत असेल. दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर बसणारी शिक्षिका स्वतःच्या आजारावर रोज लिहिते, सगळं लिहिते, आणि मी ते आवडीने वाचते. तिचं दुखणं, तिची लेखणी. माझं दुखणं मी कुणाला वापरायला देणार नाही. एवढं सांगितलं तर म्हणतो, "तू हार मानलीस." कागद तिथेच टाकून निघून गेला.

मी खेळतच नव्हते, तर हरेन कशी?

२२ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन नाही. घरात शांतता. हवी होती ना? घ्या!

२ मार्च, सोमवार

धाकटा कपडेपटात आला. दारातच उभा. मी टाके घालत राहिले. तो गप्प — हे आक्रीतच. मग म्हणाला, "ताई, मी गप्प बसलो की सामना संपला असं वाटतं गं." आणि मास्तरांच्या देखत रडला. मला फार वाईट वाटलं. पण औषधाला हो म्हटलं नाही.

"मग मी करू तरी काय?"

"बटणं लाव."

बसला. राजाच्या झग्याचं पहिलं बटण त्याने झग्याबरोबर स्वतःच्या बाहीलाही शिवून टाकलं! उठला तर झगा मागोमाग. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

जाताना मला वाचून दाखवून त्याने ग्रुपवर टाकलं — 'ताईने औषध थांबवलं आहे. निर्णय तिचा आहे. भेटायला या. पुष्पगुच्छ नको.' साप्ताहिकालाही नकार कळवला म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

२२ मार्च, रविवार

झगा पुरा झाला. बटणं धाकट्याची, बाकी माझं. काल प्रयोगात राजा त्यात ऐटीत फिरला. एक बटण लोंबत होतं. कुणाचं ते सांगायला नको.

११ एप्रिल, शनिवार

आजचं अक्षर धाकट्याचं, शब्द माझे. बोटं बधिर झाली — ते औषध न घेताच! आजार पुढे सरकला की असंही होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी सुई सुटली, आता पेन. पण मधले दिवस माझे होते, आणि झगा झाला.

"मी सांगत होतो" असं धाकटा म्हणाला नाही. मी त्याला अट एकच घातली — पदरचा शब्द घालायचा नाही. त्याने विचारलं, "खाली माझी एक ओळ लिहू?"

मी नाही म्हटलं. हेही त्याने लिहिलं.