दोन ठोके आणि कोरडा पाइप

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष साष्टांग घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, कारण गेल्या पंधरवड्यातला बराचसा वेळ माझी कंबर स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली अडकलेली होती. तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तू, भाऊजी, लेक, जावईबापू आणि जिला आम्ही अजून फक्त फोटोतच पाहिलंय ती तीन वर्षांची नात, सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे आम्ही ठणठणीत आहोत. अण्णांचा उजवा गुडघा अण्णांचं ऐकत नाही आणि मध्यंतरी दोन दिवस अण्णा माझ्याशी बोलत नव्हते, पण ते पुढे येईलच.

सुट्टीत सगळे या, असं मी लिहिलं, त्यावर तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. तीन ओळी हवापाण्याबद्दल आणि चौथी, "तुमच्याकडे पाण्याची फार गैरसोय होते रे, बरोबर लहान मूल आहे." आता ही गैरसोय कोणती ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण जावईबापूंना तू हे पत्र वाचून दाखवशीलच (दाखव), तेव्हा त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तीर्थरूपांची उभी हयात रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. पुढच्या केबिनला घंटी द्यायची, तिकडून घंटीनेच उत्तर आलं की मगच गाडी सोडायची. आमच्या घरात वर आणि खाली मिळून एकच जुना लोखंडी पाइप होता, आणि वर नळ सोडला की खाली ठणठणाट. अण्णांनी त्यावर पाइप बदलण्याचा उपाय केला नाही, नियम केला. ज्याला पाणी हवं त्याने पाइपवर दोन ठोके द्यायचे. दुसऱ्याने आपला नळ बंद करून एक ठोका द्यायचा. पहिल्याचं काम झालं की तीन ठोके. ताई आणि मी पाढे शिकायच्या आधी हे शिकलो. चार वर्षांपूर्वी भाऊजींनी दोन ठोके न देताच शॉवर सोडला. त्यांच्या डोक्याला साबण होता, डोळे मिटलेले होते, आणि अण्णांनी वरून मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, खाली येऊन, बंद दाराबाहेर उभं राहून एकाच रुळावर दोन गाड्या आल्या तर काय होतं ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. (तेव्हा गुडघा साथ देत होता.) शेवटी जे म्हणायला नको होतं तेही म्हणाले, की ज्याला दोन ठोके देता येत नाहीत त्याला मुलगी दिली, हीच माझी चूक. त्याच दिवशी तुम्ही बॅगा भरल्यात. भाऊजींच्या एका कानामागे स्टेशनपर्यंत साबण होता, तो मी पाहिला होता, पण पुसू कसा?

तर तुझ्या चौथ्या ओळीवर मी ठरवलं की यंदा पाण्याची सबब मुळातून काढायची. आधी आपणच थोडा हात मारून पाहावा असं वाटलं. (पंचवीस वर्षं भूगोल शिकवतोय, जगातल्या नद्यांचे उगम तोंडपाठ आहेत, घरातलं पाणी काय लागून गेलं!) बेसिनखाली शिरलो, पाना लावला, गळता नळ घट्ट करण्यासाठी फिरवला आणि तो अख्खा माझ्या हातात आला. पुढचं पाणी छातीवर. एका अंगठ्याने भोक दाबून धरलं आणि दुसऱ्या हातातल्या पान्याने, वरचा व्हॉल्व्ह बंद करा म्हणून, पाइपवर दणादण ठोके दिले. वरून सावकाश एक ठोका आला. म्हणजे काय, तर अण्णांनी त्यांचा नळ बंद केला! नंतर त्यांनी खुलासा केला तो असा, "तू अकरा ठोके दिलेस. मी मोजले. अकराचा संकेत आपल्याकडे नाही. पुन्हा नीट देशील म्हणून थांबलो." तेवढ्यात ही बाजारातून आली. घोट्यापर्यंत पाणी पाहून तिने पिशवी टेबलावर ठेवली, वर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, खाली येऊन मला म्हणाली, "चहा टाकू का, की सगळं पाणी तुम्हीच संपवलंत?"

मग प्लंबर आला. त्याचं नाव आम्ही 'बघूया' ठेवलंय, कारण तो दुसरं काही बोलत नाही. नळ बदलावा लागेल का? बघूया. सुट्टीच्या आधी होईल का? बघूया. तुमचं लग्न झालंय का, असं हिने सहज विचारलं, तर त्यावरही बघूया म्हणाला. त्याला दोन नातवंडं आहेत. पण हात सोन्याचे. चार दिवस त्याने घराची भिंत न् भिंत कान लावून ऐकली, मोरी तुंबलेली होती ती मोकळी केली, आणि जाळीखालून जे काही निघालं त्यात एक चमचा, अर्धा कंगवा आणि तुझी शाळेतली निळी केसांची पिन होती. तीच, जी मी लपवली म्हणून तू मला पट्टीने मारलं होतंस. धुऊन, पुसून ठेवली आहे. माफी तू आल्यावर माग, घाई नाही.

पाचव्या दिवशी त्याने जुना लोखंडी पाइप उखडून परसात टाकला आणि प्लास्टिकचे नवे पाइप घातले, वरचा वेगळा, खालचा वेगळा. ही खाली नळ सोडून उभी, मी वर गच्चीच्या नळाशी, खाली शॉवर चालू, मोरीतली बादली भरतेय, आणि पाणी सगळीकडे एकदम! मी जिन्यावर उभा राहून टाळ्या वाजवल्या. एवढं पाणी या घराने जन्मात पाहिलं नव्हतं. आता कोणी कोणाला विचारायला नको, सांगायला नको. मी तुला तार ठोकायच्या बेतात होतो, पण तार आता बंद झालीय.

आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णा रुसले. आमची रोजची सकाळ अशी, की सहा वाजता वरून दोन ठोके यायचे, ही साबणाचे हात तसेच ठेवून नळ बंद करायची, डावाने एक ठोका द्यायची, आणि मग तीन ठोके येईपर्यंत आम्ही खोळंबून उभे. कधी पाच मिनिटं, कधी दहा. (ही मनातल्या मनात काय म्हणायची ते मी लग्नानंतर लवकरच ऐकायला शिकलो.) आता खोळंबा नाही, ठोके नाहीत. पण मी चहा घेऊन गेलो तर अण्णा खिडकीकडे तोंड करून बसलेले. दुपारी ताट अर्धं परत आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मीही त्यांचाच मुलगा, मलाही राग येतो. म्हटलं, "अण्णा, एक पाइप बदलला म्हणून एवढं?" तर म्हणाले, "पाइप तुझा, घर तुझं. उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस." मला काही कळलं नाही. मी ताट उचललं आणि खाली आलो.

तिसऱ्या दिवशी 'बघूया' अण्णांच्या खोलीतल्या बेसिनचा नळ बदलायला वर गेला आणि जुना नळ हातात घेऊन खाली आला. तो प्रथमच लांबलचक बोलला. "साहेब, हा नळ दोन वर्षं तरी कोणी फिरवलेला नाही. गंजून बसलाय. म्हातारेबाबा खाटेशेजारच्या बादलीतलंच पाणी घेतात." ताई, ती बादली मीच रोज संध्याकाळी खालून भरून आणून ठेवतो, त्यांना उठून बेसिनपर्यंत जायला नको म्हणून. मीच भरतो आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. म्हणजे गुडघा गेल्यापासून, दोन वर्षं, रोज सकाळी सहाला अण्णा पाणी मागत होते आणि पाणी घेतच नव्हते. खाली कोणी आहे ना, एवढंच विचारत होते. उत्तर आलं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. आणि हे दोन दिवस ते नव्या प्लास्टिकच्या पाइपवर ठोके देत होते, ज्याचा आवाज खाली पोचतच नाही, आणि मी उत्तर देत नव्हतो. मी मोरीच्या कट्ट्यावर बसून रडलो. 'बघूया' शेजारी उभा होता. त्याला विचारलं, जुना पाइप पुन्हा लागेल का? तर बघूया म्हणाला नाही. म्हणाला, "उद्या सकाळी लावतो."

तर आता आमच्याकडे अण्णांच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवरून एक जुना लोखंडी पाइप आला आहे. वरून बंद, खालून बंद, आत थेंबभर पाणी नाही. पाहुणे विचारतील हा कशाचा, तर काहीही सांग. पहिल्या सकाळी सहाला दोन ठोके आले तेव्हा डाव मी हिच्या हातातून ओढून घेतला. त्या दिवशी ताट चाटूनपुसून खाली आलं.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांना नमस्कार, छोटीला भरपूर पापे. हिचा तुला नमस्कार.

तुझा धाकटा,
खालचं केबिन

ता. क. १: सगळीकडे एकदम पाणी येतं हे खरं, पण गरम नाही. गीझर अजून खोक्यात आहे. सुट्टीआधी बसेल का, असं विचारलं. उत्तर तुला माहीत आहे.

ता. क. २: भाऊजींनी ठोके न देता हवी तेवढी आंघोळ करावी. मी अण्णांना रीतसर विचारलं. म्हणाले, "करू दे. लाइन डबल झालीय."

ता. क. ३: हे वर लिहायला हवं होतं, पण धीर झाला नाही. अण्णा निवृत्तीनंतरही केबिनसारखी वही ठेवतात. कोण किती वाजता निघालं, किती वाजता पोचलं, काही बिघडलं तर चूक कोणाची, असे रकाने आखलेली. खोलीत नळ बसवताना ती बाजूला ठेवायला म्हणून हातात घेतली आणि न विचारता चाळली. मधले दोन दिवस असे आहेत : "६.०० दोन ठोके दिले. उत्तर नाही. ६.१० पुन्हा दिले. उत्तर नाही." मग मी मागे मागे गेलो. चार वर्षांपूर्वीच्या त्या तारखेला लिहिलंय, "११.२० मुलगी निघाली." चूक कोणाची, या रकान्यात, "ड्यूटीवरच्या माणसाची." (त्या दिवशी व्हॉल्व्हवर तेच होते.) आणि पोचल्याच्या रकान्यात काहीच नाही. गाडी परत येईपर्यंत तो भरायचा नाही, असा त्यांचा नियम. त्यानंतर त्यांनी सगळ्यांच्या नोंदी पुऱ्या केल्यात, दूधवाल्याच्यासुद्धा. ती एकच ओळ उघडी आहे.

तेव्हा ये. दाराची बेल वाजवू नकोस. चपला काढ, सरळ स्वयंपाकघरात जा, ओट्याच्या डाव्या हाताला तो पाइप आहे, त्यावर दोन ठोके दे. उत्तराला थांबावं लागणार नाही. हल्ली मीही अधूनमधून खालून ठोके देतो, तर ते दुसरा ठोका पुरता पडायच्या आतच उत्तर देतात, आणि हे नियमात बसत नाही, असं सांगायची माझी हिंमत होत नाही.