डावा कान

मातायेआ, ३ जून १८९६

माझ्या मोएआताला तापाने नेलं त्याला आज सहा आठवडे झाले.

दुपारी फ्रेंच चित्रकार लुब्रे येऊन एक कागद देऊन गेला. मार्चमध्ये ती त्याच्यापुढे बसली होती. तेव्हा त्याने तिला लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलं, आणि त्यावरून हा छापला. सगळा काळाकुट्ट, मधेच गेरूचा रंग. मागे आमची जुनी चंद्रदेवी हीना, आणि तिच्या पायाशी माझी पोर. पाद्रीबाबा म्हणतील, मूर्तिपूजा. म्हणू देत! नाक अगदी तिचंच आहे.

४ जून

सकाळच्या उजेडात नीट पाहिलं. फूल डाव्या कानावर आहे!

आमच्या बेटावर उजव्या कानावर फूल म्हणजे मुलगी मोकळी. डाव्यावर — कुणाला तरी मन देऊन बसलेली. जानेवारीत मी पुनुआला नाही म्हटलं. मासेमारी करणारा, ना जमीन ना घर. त्यानंतर मोएआता फूल उजवीकडे घालायला लागली. मला वाटलं, विसरली. म्हणजे माझ्यासमोर उजवीकडे आणि परक्या माणसासमोर डावीकडे?

माझ्यापासून लपवून गेली.

५ जून

माझी बहीण तेतुआ म्हणाली, रोज काय पोरीचे कान तपासत होतीस? मग रानकेळी सोलता सोलता दोघीही रडलो.

९ जून

पुनुआकडे गेले. जाळं दुरुस्त करत होता. कागद पुढे केला. म्हटलं, "शेवटपर्यंत तुझीच होती रे. मीच आड आले."

तो कितीतरी वेळ त्या फुलाकडे पाहत राहिला. मग मला सावलीत बसवलं, शहाळं फोडून हातात दिलं.

"पी, आई."

आजवर मावशी म्हणायचा.

२१ जून

पुनुआ एक दिवसाआड येतो. मासे आणतो, छपराची पानं बदलली. तेतुआ चिडवते — जावई मिळाला की गं तुला! मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

२ जुलै

त्याच्यासाठी दुसरी प्रत मागायला लुब्रेकडे गेले. ठोकळा टेबलावर होता, शाई लावलेला. त्यावर फूल उजव्या कानावर! मी म्हटलं, इथे चुकलात. तो हसला. म्हणाला, "बाई, ठोकळ्यावरचं कागदावर उलटं उमटतं. ती बसली तशीच मी कोरली."

घरी कशी आले आठवत नाही.

तिने लपवलं नव्हतं काही. ऐकलं होतं माझं. खरंच सोडून दिलं होतं त्याला — मी म्हटलं म्हणून. एकोणीस वर्षांची पोर, मन मारून गेली. खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं गं.

३ जुलै

पुनुआला सांगितलं तर तोही यायचा थांबेल.

६ जुलै

सांगितलं. जाळ्यावरून मान वर न करता तो म्हणाला, "ठाऊक होतं, आई. मार्चमध्ये तिनेच येऊन सांगितलं होतं, तुझा शब्द मोडवत नाही म्हणून. पण तू त्या दिवशी कागद घेऊन एवढी रडत आली होतीस."